ऱ्हास, घसरण, झीज आणि पडझड: इंग्रजीतून फ्रेंचमध्ये अनुवाद करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंचच्या वरच्या पातळ्यांच्या परीक्षा दिलेल्या आणि आता विमा, औषधे, बांधकाम, हिशेबतपासणी अशा क्षेत्रांतील कागदपत्रांचा अनुवाद करणाऱ्या मराठी भाषकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. फ्रेंच शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिले आहेत. चंद्रबिंदू व अनुस्वार यांनी अनुनासिक स्वर दाखवला आहे. लेखी रूप पाहायचे असल्यास शब्दकोश जवळ ठेवावा.

इंग्रजीतील ‘डिक्लाइन’साठी फ्रेंचमध्ये ‘देक्लँ’ हा सरळ प्रतिशब्द असताना तो सर्वत्र का चालत नाही?

तो चालतो, परंतु त्याचा आवाका इंग्रजी शब्दापेक्षा बराच लहान आहे. इंग्रजीत एखाद्या तिमाहीत विक्री थोडी कमी झाली तरी ‘डिक्लाइन’ आणि एखादे साम्राज्य शतकानुशतके खचत गेले तरी ‘डिक्लाइन’च. फ्रेंच ‘देक्लँ’मध्ये मात्र एकेकाळी वैभव, जोम किंवा उंची होती आणि आता उतरती कळा लागली आहे, हा अर्थ गृहीत असतो. सूर्य मावळतीला लागतो, एखाद्या उद्योगाचे दिवस फिरतात, वृद्धाची बुद्धी मंदावत जाते, तेथे हा शब्द शोभतो. कंपनीच्या त्रैमासिक अहवालातील दोन टक्क्यांच्या घटीला ‘देक्लँ’ म्हटले, तर फ्रेंच वाचकाला कंपनी आता संपत आली असे वाटू शकते, आणि भागधारकांसाठीच्या पत्रात असे वाटणे कोणालाच परवडणारे नसते.

म्हणून इंग्रजी शब्द समोर आला की त्याचा प्रतिशब्द शोधण्याआधी घसरणारी गोष्ट कोणती हे ठरवावे. आकडा, स्थिती, वस्तू, शरीर, प्रतिष्ठा या प्रत्येकासाठी फ्रेंचमध्ये वेगळा शब्दसमूह आहे. मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपणही दूध नासले, लाकूड कुजले, लोखंड गंजले, पायरी झिजली, प्रकृती खालावली आणि बाजार घसरला असेच म्हणतो, या सर्वांना एकच क्रियापद लावत नाही.

केवळ आकडा कमी झाला असेल, तर कोणता शब्द घ्यावा?

‘बेस’ हा सर्वांत सुरक्षित शब्द आहे. विक्री, किमती, तापमान, बेरोजगारी, जन्मदर यांपैकी कशालाही तो लागतो आणि त्यात चांगले-वाईट असा निवाडा नसतो. ‘दिमिन्युसियों’ किंचित औपचारिक आहे व प्रमाण किंवा संख्या कमी होण्यासाठी वापरतात. ‘रक्युल’ म्हणजे पीछेहाट. निर्यात, मताधिक्य, बाजारातील वाटा यांच्या बातम्यांत तो फार आढळतो. ‘श्युत’ म्हणजे कोसळणे, आणि इंग्रजी मजकुरात ‘स्टीप’ किंवा ‘शार्प’ असे विशेषण असेल तर विशेषणाचा वेगळा अनुवाद करत बसण्यापेक्षा हा एक शब्द पुष्कळदा पुरतो.

येथे शब्दापेक्षा शब्दयोगी अव्ययाची चूक अधिक महागात पडते. ‘बेसे’ या क्रियापदानंतर ‘द’ आले तर घट तितक्या प्रमाणात झाली, आणि ‘आ’ आले तर घटून तेथवर आली. मराठीत ‘पाच टक्क्यांनी घटली’ आणि ‘पाच टक्क्यांवर आली’ यांत जो फरक आहे, नेमका तोच. इंग्रजी तक्त्यात अव्यय पुष्कळदा गाळलेले असते. अशा वेळी मूळ आकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय फ्रेंचमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम येतो आणि टक्क्याच्या चिन्हाआधी जागा सोडतात. तपासनीस सर्वांत आधी बोट ठेवतो ते याच ठिकाणी.

‘देतेरियोरासियों’ आणि ‘देग्रादासियों’ यांत फरक कोणता?

संबंध बिघडणे, परिस्थिती चिघळणे, हवामान किंवा कामाची स्थिती खालावणे अशा पुष्कळ संदर्भांत दोन्ही चालतात, आणि तेथे काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. फरक जाणवतो तो कडेच्या अर्थांत. ‘देतेरियोरासियों’मध्ये वस्तू खराब होणे किंवा केली जाणे हा अर्थ जवळचा आहे. ‘देग्रादासियों’मध्ये पायरीने खाली उतरण्याची मूळ कल्पना अजून जिवंत आहे.

त्यामुळेच पतमानांकन कमी होण्याला ‘देग्रादासियों’ म्हणतात. जानेवारी 2012 मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्सने फ्रान्सचे सर्वोच्च मानांकन काढून घेतले, तेव्हा फ्रेंच वृत्तपत्रांत हा शब्द सर्वत्र होता. लष्करात हुद्दा हिरावून घेण्यासाठीही तोच शब्द आहे. 5 जानेवारी 1895 रोजी पॅरिसमधील सैनिकी विद्यालयाच्या प्रांगणात देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून दोषी ठरवलेल्या कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांची पदचिन्हे जाहीरपणे उपटली गेली आणि त्यांची तलवार मोडली गेली. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाचे नाव ‘देग्रादासियों’ असेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शत्रूशी हातमिळवणी करणाऱ्यांचे नागरी हक्क काढून घेण्याच्या शिक्षेलाही ‘राष्ट्रीय देग्रादासियों’ हेच नाव होते. याउलट केशकर्तनालयातील ‘देग्रादे’ म्हणजे केस उतरत्या लांबीत कापणे आणि चित्रकलेत एका रंगाची छटा दुसरीत विरघळत जाणे. तेथे ऱ्हासाचा लवलेशही नाही.

अनेकवचनात, विशेषतः पोलीस किंवा विमा यांच्या कागदांत, हा शब्द आला तर त्याचा अर्थ नासधूस असा होतो. बसथांब्याच्या काचा फोडणे, भिंती रंगवून ठेवणे वगैरे. इंग्रजी मजकुरात काळाच्या ओघात आपोआप झालेले नुकसान अभिप्रेत असेल आणि आपण अनेकवचन वापरले, तर नकळत कोणावर तरी आरोप केल्यासारखे होते.

वाक्यात ‘स’ कधी लावायचा आणि कधी नाही?

मराठीत ‘बिघडणे’ आणि ‘बिघडवणे’, ‘झिजणे’ आणि ‘झिजवणे’ अशी जोडी असते. फ्रेंचमध्ये पुष्कळ क्रियापदांचे मूळ रूप ‘बिघडवणे’ या अर्थाचे असते आणि ‘बिघडणे’ हा अर्थ आणण्यासाठी कर्त्याकडे परत वळणारे ‘स’ जोडावे लागते. ‘देतेरियोरे’, ‘देग्रादे’ आणि ‘आग्राव्हे’ ही या गटातील. परिस्थिती आपोआप बिघडत असेल तर ‘स देग्रादे’, दुखणे बळावत असेल तर ‘साग्राव्हे’. भूतकाळात ही रूपे ‘एत्र’ या साहाय्यक क्रियापदाबरोबर येतात, म्हणून लेखी रूपात लिंग आणि वचन जुळवावे लागते.

‘देक्लिने’, ‘बेसे’, ‘आँपिरे’, ‘देपेरिर’ आणि ‘पुरिर’ ही मात्र ‘स’शिवायच घटण्याचा, खालावण्याचा किंवा सडण्याचा अर्थ देतात. इंग्रजीत या दोन गटांत बाहेरून काहीच फरक दिसत नसल्यामुळे इंग्रजीच्या वळणाने लिहिणारा येथे हमखास घसरतो, मराठीच्या कानाने लिहिणारा सहसा नाही.

रुग्णाच्या कागदपत्रांत ‘डिटीरिओरेशन’ आणि ‘इम्पेअरमेंट’ यांचे काय करावे?

रुग्णाची प्रकृती एकाएकी खालावली, तर त्याची स्थिती ‘साग्राव्हे’ किंवा ‘स देग्रादे’ असे लिहावे. वैद्यकीय टिपणांत आणखी एक ठरलेला प्रयोग आढळतो, ‘आल्तेरासियों द लेता जेनेराल’, म्हणजे सर्वसाधारण प्रकृतीचे खालावणे. थकवा, भूक न लागणे आणि वजन उतरणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दाखवण्यासाठी फ्रेंच डॉक्टर तो वापरतात, आणि फ्रेंचमधील या तिन्ही लक्षणांची नावे ‘अ’ या अक्षराने सुरू होत असल्याने विद्यार्थी ते तसेच पाठ करतात. येथे ‘आल्तेरासियों’चा अर्थ इंग्रजी ‘ऑल्टरेशन’प्रमाणे साधा बदल असा नाही, तर बिघाड असा आहे. म्हणून इंग्रजीतील ‘ऑल्टरेशन’चा अनुवाद करताना हा शब्द वापरला, तर शिंप्याने सदरा दुरुस्त केला असे म्हणायचे असताना त्याने तो नासवला असे वाचले जाईल. याच कुळातील ‘आल्तेरे’ हे क्रियापद तहान लावणे या अर्थानेही येते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

‘इम्पेअरमेंट’साठी फ्रेंचमध्ये एकच शब्द शोधणे व्यर्थ आहे. मूत्रपिंड किंवा यकृत नीट काम करत नसेल, तर औषधाच्या माहितीपत्रकात ‘अँस्युफिझाँस’ येते, म्हणजे अपुरेपणा. दृष्टी किंवा श्रवणशक्ती कमी असेल तर ‘देफिसियाँस’. विचारशक्ती किंवा स्मरणशक्ती यांच्याशी संबंध असेल तर बहुधा ‘त्रुब्ल’, आणि वयोमानाप्रमाणे होणाऱ्या संथ घटीला ‘देक्लँ कॉग्नितिफ’. माहितीपत्रकांची भाषा ठरलेली असते. आपल्या मनाने सुंदर पर्याय शोधण्याचे ते ठिकाण नव्हे.

मोडकळीस आलेल्या इमारतीसाठी ‘डिलॅपिडेटेड’वरून घडवलेला फ्रेंच शब्द चालेल का?

मुळीच नाही. फ्रेंचमध्ये ‘दिलापिदे’ म्हणजे पैसा उधळणे. बापाची इस्टेट उधळणारा मुलगा ती ‘दिलापिदे’ करतो, भिंतीचा गिलावा नव्हे. मोडकळीस आलेल्या घरासाठी ‘देलाब्रे’ हे विशेषण आणि ‘देलाब्रमाँ’ हे नाम आहे. केवळ जुने व कालबाह्य झालेले असेल तर ‘व्हेत्युस्त’. राहण्यास आरोग्याच्या दृष्टीने अयोग्य असेल तर ‘अँसाल्युब्र’. आणि माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणाऱ्या धोकादायक घरांसाठी कायद्यात ‘आबिता अँदिन्य’ ही व्याख्या केलेली संज्ञा आहे.

हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, हे 5 नोव्हेंबर 2018 नंतर फ्रान्समध्ये सर्वांनाच कळले. त्या दिवशी मार्सेय शहरातील ऱ्यू दोबान्य या रस्त्यावरील दोन इमारती कोसळून 8 जणांचा मृत्यू झाला. पुढच्या काळात मालकाने काय करायला हवे होते, नगरपालिकेने कोणता आदेश काढायला हवा होता, यांवर वाद झाले आणि त्या वादांत इमारत जुनी होती, जीर्ण होती की धोकादायक होती हा केवळ वर्णनाचा प्रश्न उरला नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात, त्या वाचणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

भाडेकरारातील ‘वेअर अँड टेअर’चा अनुवाद कसा करावा?

या एका वाक्प्रचारावर अनामत रकमेचे भांडण अडून राहते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फ्रान्समध्ये तीन संकल्पना वेगळ्या ठेवतात. ‘युझ्युर नॉर्माल’ म्हणजे रोजच्या वापराने होणारी झीज, जसे की खुर्ची सरकवून सरकवून फरशीवर पडलेले पुसट ओरखडे. ‘व्हेत्युस्ते’ म्हणजे काळ आणि सामान्य वापर यांमुळे साहित्याला आलेले जुनेपण, जसे की उन्हाने पिवळा पडलेला भिंतीचा कागद. आणि ‘देग्रादासियों’ म्हणजे भाडेकरूने केलेले नुकसान, जसे की दारात पाडलेले भोक.

6 जुलै 1989 च्या भाडेकायद्यानुसार ताब्याच्या काळातील ‘देग्रादासियों’ची जबाबदारी साधारणपणे भाडेकरूवर येते. ‘व्हेत्युस्ते’मुळे करावी लागणारी दुरुस्ती मात्र दिवाणी संहितेच्या कलम 1755 नुसार त्याच्या माथी मारता येत नाही. ‘व्हेत्युस्ते’ची व्याख्या 30 मार्च 2016 च्या शासकीय आदेशात दिली आहे. म्हणून घराचा ताबा देता-घेतानाच्या पाहणीपत्रकात अनुवादकाने तिसरा शब्द पहिल्याच्या जागी लिहिला, तर पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात.

कॅनडातील क्वेबेक प्रांताची दिवाणी संहिता फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, त्यामुळे तेथील कलम 1890 अनुवादकाला आयता नमुना पुरवते. फ्रेंच मजकुरात ‘व्हेत्युस्ते’ आणि ‘युझ्युर नॉर्माल’ आहे, इंग्रजीत त्यांच्या जागी वय होणे आणि रास्त झीज या अर्थाचे शब्द आहेत. अशी समांतर कलमे शोधून जवळ ठेवावीत.

एक सावधगिरी: ‘युझ्युर’ हाच शब्द सावकारी व्याजासाठीही आहे. कर्जाच्या कागदात ‘तो द्युझ्युर’ दिसले तर ती झिजण्याची गती नसून कायद्याने घातलेली व्याजदराची कमाल मर्यादा असते.

‘डिके’ या एका शब्दाचे किती अनुवाद संभवतात?

पुष्कळ, आणि ते जवळजवळ सगळे संदर्भावरून आपोआप ठरतात. दात किडला तर ‘कारी’. लाकूड किंवा फळ सडले तर ‘पुरित्युर’. जुन्या घरांच्या लाकडात शिरणाऱ्या विशिष्ट बुरशीला ‘मेर्युल’ म्हणतात आणि घरविक्रीच्या कागदांत तिचा वेगळा उल्लेख येतो. प्रेत किंवा पालापाचोळा असेल तर ‘देकोंपोझिसियों’. किरणोत्सारी अणू असेल तर ‘देझँतेग्रासियों’. सेकंदाला एक ‘देझँतेग्रासियों’ म्हणजेच एक बेकरेल, हे एकक फ्रेंच शास्त्रज्ञाच्याच नावाचे आहे. किरणोत्सार काळाबरोबर कमी होत जाण्याच्या आलेखासाठी ‘देक्र्वासाँस’ येते.

स्वयंपाकघरात तर फ्रेंच आणि मराठी सख्ख्या जावा शोभतील. दूध नासले तर ते ‘तुर्ने’ झाले, म्हणजे शब्दशः फिरले. लोणी खवट झाले तर ‘राँस’, पाव शिळा झाला तर ‘रासी’, मांस खराब झाले तर ‘आव्हारिये’, चीजवर नको तेथे बुरशी आली तर ‘म्वाझी’, पेर अतिपिकून लिबलिबीत झाले तर ‘ब्ले’, आणि डब्यावरील तारीख उलटून गेली तर ‘पेरिमे’. इंग्रजी पाककृतीत किंवा अन्नसुरक्षेच्या सूचनेत या सर्वांसाठी एकच ‘स्पॉइल्ड’ आलेला असू शकतो. तेव्हा पदार्थ कोणता आहे ते पाहूनच लिहावे. सर्वत्र ‘गाते’ लिहिणे चुकीचे नाही, पण ते अर्धवट काम आहे.

हिशेबाच्या कागदांत ‘डेप्रिसिएशन’साठी ‘देप्रेसियासियों’ लिहिले तर काय बिघडते?

ताळेबंद बिघडतो. यंत्र, वाहन किंवा इमारत यांच्या किमतीतून दरवर्षी ठरावीक रक्कम वजा करण्याला, म्हणजे आपण ज्याला घसारा म्हणतो त्याला, फ्रेंचमध्ये ‘आमॉर्तिसमाँ’ म्हणतात. ‘देप्रेसियासियों’ हा शब्द मालमत्तेचे मूल्य अनपेक्षितपणे घटले आणि ती घट वेगळी नोंदवावी लागली तर येतो, म्हणजे इंग्रजीतील ‘इम्पेअरमेंट’साठी. ‘इम्पेअरमेंट’विषयीच्या आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस 36 चे फ्रेंच शीर्षक पाहिले की शंका उरत नाही. कर्जाच्या हप्त्यांनी मुद्दल फेडत जाण्यालाही ‘आमॉर्तिसमाँ’ म्हणतात, परंतु तेथे संदर्भ इतका स्पष्ट असतो की गोंधळ होत नाही.

चलनाच्या बाबतीत मात्र ‘देप्रेसियासियों’ हाच योग्य शब्द आहे. बाजारात चलन आपोआप घसरले तर तो वापरावा आणि सरकारने ठरवून मूल्य कमी केले तर ‘देव्हाल्युआसियों’.

साम्राज्य, संस्कृती किंवा नीती यांच्या ऱ्हासासाठी कोणता शब्द योग्य?

येथे ‘देकादाँस’ला मोठी परंपरा आहे. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी 1734 मध्ये रोमनांच्या वैभवाची आणि ऱ्हासाची कारणे मांडणारे पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे. 1776 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या एडवर्ड गिबन यांच्या रोमविषयक इंग्रजी इतिहासाच्या शीर्षकात ‘डिक्लाइन’ असूनही फ्रेंच अनुवादात ‘देकादाँस’ आला, याचे आश्चर्य वाटू नये. तोवर फ्रेंच वाचकाच्या मनात रोम आणि हा शब्द यांची गाठ बसलेली होती. माझ्या मते आज हा शब्द इतिहासापुरता ठेवावा. चालू राजकारणाविषयीच्या लेखात तो आला की लेखक नैतिक निकाल देत आहे असे वाटते, आणि मूळ इंग्रजी लेखकाने तसा निकाल दिलेला नसेल तर अनुवादकाने तो पदरचा घालू नये.

‘देशेआँस’ म्हणजे व्यक्तीची अधोगती, दारूने किंवा दारिद्र्याने माणूस रसातळाला जाणे. कायद्यात त्याच शब्दाचा अर्थ हक्क गमावणे असा होतो. नागरिकत्व काढून घेण्याविषयीचा 2015-16 मधील फ्रान्समधला वाद याच शब्दाभोवती झाला.

पर्यावरणावरील अहवालांत काय वापरावे?

मधमाश्या आणि इतर परागवाहक कीटक कमी होत असतील तर ‘देक्लँ’ हाच रूढ शब्द आहे. जमिनीचा कस जाणे, धूप होणे यांसाठी ‘देग्रादासियों’. वाळवंटीकरणाविरुद्धचा जो करार 1994 मध्ये पॅरिसमध्ये स्वीकारला गेला, त्याच्या फ्रेंच मजकुरात हाच शब्द आहे. उभी झाडे सुकत, निस्तेज होत मरत असतील तर ‘देपेरिसमाँ’. 1980 च्या दशकात पूर्व फ्रान्समधील व्होज पर्वतातील जंगलांविषयी हा शब्द फार चर्चेत होता. ‘देक्र्वासाँस’ मात्र अर्थव्यवस्थेच्या संदर्भात जपून वापरावा. मंदीमुळे उत्पादन घटले असे सांगायचे असताना तो लिहिला, तर आर्थिक वाढ मुद्दाम कमी करावी असे मानणाऱ्या विचारसरणीचा उल्लेख आहे असे वाचकाला वाटेल. इंग्रजीतील ‘डीग्रोथ’ हा शब्द या फ्रेंच शब्दावरूनच घडला आहे.

नकार देणे या अर्थाच्या ‘डिक्लाइन’साठी ‘देक्लिने’ चालते का?

निमंत्रण नम्रपणे नाकारण्यासाठी चालते. उपाहारगृहात किंवा व्यायामशाळेत कपडे टांगण्याच्या जागी ‘व्यवस्थापन जबाबदारी घेत नाही’ अशी जी पाटी असते, तिच्यातही हेच क्रियापद असते. परंतु दुकानातील यंत्राने कार्ड नाकारले तर ‘रफ्युझे’ लिहावे. पोलीस ‘देक्लिने’ करायला सांगतात तेव्हा ते नाव-गाव सांगायला सांगत असतात. जाहिरातीत एखादी पर्स सहा रंगांत ‘देक्लिने’ केली आहे असे म्हटले, तर ती सहा रंगांत उपलब्ध आहे, तिची अवनती झालेली नाही. व्याकरणातील विभक्ती चालवण्यासाठीही हेच क्रियापद आहे, आणि जाहिरातवाल्यांनी ते बहुधा तेथूनच उचलले असावे.

संगणकीय अनुवाद आणि शब्दसंग्रह यांवर किती विसंबावे?

संगणकीय अनुवाद आता सर्वसाधारण वाक्यांत क्वचितच फसतो. तो फसतो तो एकट्या शब्दांत, म्हणजे तक्त्यांच्या शीर्षकांत, बटणांवरील मजकुरात आणि याद्यांत, कारण तेथे काय घसरते आहे हे सांगणारे वाक्यच नसते. अशा वेळी कॅनडाच्या संघराज्य सरकारचा ‘तेर्मियुम प्ल्युस’ आणि क्वेबेकच्या फ्रेंच भाषा कार्यालयाचा पारिभाषिक कोश हे दोन्ही विनामूल्य संग्रह उपयोगी पडतात. त्यांत प्रत्येक संज्ञेपुढे विषयक्षेत्र दिलेले असते. ते न वाचता पहिलाच पर्याय उचलणे धोक्याचे आहे.

मॉरिशससाठी काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे कायदे इंग्रजीत असतात आणि वृत्तपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये, त्यामुळे कायद्यातील इंग्रजी संज्ञा फ्रेंच बातमीत आपल्या मूळ अर्थाचे ओझे घेऊन येते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दोन्ही भाषांची ही ये-जा अंगवळणी पडलेली आहे. पुण्यात बसून काम करणाऱ्याने मात्र ग्राहकाकडून आधीचा अनुवादित मजकूर मागून घ्यावा आणि त्यातील शब्द, ते फ्रान्समधील वापराहून वेगळे असले तरी, कारण विचारल्याशिवाय बदलू नयेत.